आधी अंग गार करा, मग गाडी काढा

वाचकाचे पत्र : आम्ही अकोला जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो आणि शेती करतो. गेल्या मे महिन्यात उन्हाळी भुईमुगाची काढणी चालू होती. माझा २४ वर्षांचा भाचा पुण्यातील नोकरी सोडून तीनच दिवसांपूर्वी गावी आला होता आणि तोही हौसेने कामाला लागला. दुपारी दीडच्या सुमारास तो बांधाजवळ कोसळला आणि असंबद्ध बोलू लागला. त्याचे अंग तापले होते, पण कपडे घामाने ओलेचिंब होते. ऊन लागले की घाम थांबतो, त्यामुळे हे ऊन लागणे नव्हे, असे सगळ्यांचे मत पडले. आम्ही कांदा फोडून नाकाशी धरला, पाणी पाजले, तर त्याला ठसका लागला. मग चादरीत गुंडाळून जीपने तालुक्याला नेले. तिथे पोहोचायला पाऊण तास लागला आणि वाटेत त्याला झटके आले. त्याच्या मूत्रपिंडांना इजा झाली, नऊ दिवस रुग्णालयात राहावे लागले, पण तो वाचला. आमचे काय चुकले? माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत, रक्तदाबाच्या गोळ्या घेतात आणि दुपारीही शेतात जातात. त्यांना कसे जपावे? शिवाय भाचा यंदा पुन्हा काढणीला यायचे म्हणतो. त्याला येऊ द्यावे का?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील ‘आमचे काय चुकले’ या प्रश्नामागची टोचणी मला जाणवली, म्हणून आधी हे सांगतो की त्या बांधावर जमलेल्या माणसांनी जे केले ते गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेलेच होते, आणि त्यात कोणाचाही निष्काळजीपणा नव्हता. मात्र तुम्ही स्पष्ट विचारले आहे, तर मीही स्पष्ट उत्तर देतो. तुमचा भाचा कोसळल्यापासून रुग्णालयाच्या दारात पोहोचेपर्यंतच्या पाऊण तासात त्याचे अंग कोणीही गार केले नाही, उलट ते चादरीत गुंडाळले गेले. बाकीच्या साऱ्या गोष्टी याच्यापुढे लहान आहेत.

आपल्या शरीराचे आतले तापमान ३७ अंश सेल्सियसच्या आसपास असते. ते ४० अंशांच्या वर गेले आणि त्याच वेळी मेंदूचे काम बिघडले, म्हणजे त्याला उष्माघात म्हणतात. या अवस्थेत मेंदू, यकृत, मूत्रपिंडे आणि स्नायू यांच्या पेशींना थेट उष्णतेनेच इजा होऊ लागते. आतले तापमान किती चढले यापेक्षाही ते किती वेळ चढलेले राहिले, यावर ही इजा अधिक अवलंबून असते. म्हणूनच उष्माघाताच्या उपचारात पहिला अर्धा तास फार मोलाचा असतो, आणि खेड्यात हा अर्धा तास डॉक्टरच्या हाती जवळजवळ कधीच नसतो. तो बांधावरच्या माणसांच्या हाती असतो. आधी गार करा, मग हलवा, ही उष्माघाताची जगभर मान्य झालेली रीत आहे. साप चावला किंवा छातीत कळ आली तर आपण धावत गाडी काढतो आणि ते योग्यच असते, पण उष्माघातात ती सवय काही मिनिटे आवरावी लागते.

आता घामाविषयी. घाम थांबला तरच ऊन लागले, हा समज केवळ गावकऱ्यांचा नाही, कित्येक सुशिक्षितांचाही आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. उष्माघात दोन प्रकारे होतो. घरात पत्र्याखाली बसलेल्या म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाला दोन-चार दिवसांच्या उकाड्याने हळूहळू होतो. त्यात बहुतेक वेळा कातडी कोरडी आणि चटका बसेल इतकी तापलेली असते. दुसरा प्रकार कष्टाचे काम करणाऱ्या तरुण, धडधाकट माणसाला काही तासांत होतो, आणि त्यात घामाच्या धारा चालू असतानाच माणूस कोसळतो. तुमच्या भाच्याचे तसे झाले. त्यामुळे घामाकडे न पाहता माणसाच्या शुद्धीकडे पाहावे. उन्हात काम करणारा माणूस बरळू लागला, विनाकारण चिडला, झोकांड्या खाऊ लागला, विचारलेल्या गोष्टीचे भलतेच उत्तर देऊ लागला, तर तो उष्माघातच धरून चालावे. आज वार कोणता, आपण कोणाच्या वावरात आहोत, समोर उभा आहे तो कोण, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुरते. घरात ताप मोजण्याचे यंत्र असले तरी ते आणायला कोणाला धाडू नये. घामेजलेल्या काखेत ते कमी आकडा दाखवते आणि आपली फसगत होते.

माणूस कोसळला की एकाने लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून चालू आहे आणि ती विनामूल्य आहे. त्याच वेळी इतरांनी रुग्णाला सावलीत न्यावे, अंगावरचे कपडे शक्य तितके काढावे आणि त्याला पाण्याने भिजवायला सुरुवात करावी. शेतावर हौद किंवा गुरांची पाणी पिण्याची टाकी असेल आणि सांभाळायला तीन-चार माणसे असतील, तर त्याला मानेपर्यंत त्या पाण्यात बसवणे हा कष्टाने आलेल्या उष्माघातावरचा सर्वांत जलद उपाय आहे. मात्र एकाने डोके पूर्ण वेळ धरून ठेवलेच पाहिजे. माणूस बेशुद्ध असेल, ओकत असेल किंवा झटके देत असेल, तर पाण्यात उतरवू नये.

हौद नसेल तर बाजेचा उपयोग करावा. सुंभाने किंवा नवारीने विणलेल्या बाजेवर रुग्णाला निजवले की वरून ओतलेले पाणी खाली निथळून जाते आणि वारा अंगाला दोन्ही बाजूंनी लागतो. मग एकाने पाणी शिंपडत राहावे आणि दोघांनी सूप, पुठ्ठा, टोपले, हाती येईल त्याने जोरजोरात वारा घालावा. मक्केच्या हज यात्रेत उष्माघाताचे असंख्य रुग्ण येत, त्यांच्यासाठी १९८० च्या सुमारास जी खास शीतकरण व्यवस्था उभारली गेली तिचे तत्त्व हेच होते : रुग्ण जाळीवर निजवलेला, अंगावर पाण्याचे तुषार आणि चहूबाजूंनी वारा. आपली बाज ही तशीच जाळी आहे. पाणी बर्फाचेच हवे असे नाही. विहिरीचे, माठाचे, साधे पाणीही चालते, कारण उष्णता ओढून नेण्याचे मुख्य काम पाण्याच्या बाष्पीभवनाने होते, आणि मे महिन्यातली विदर्भाची कोरडी हवा या कामी आपल्या बाजूने असते. बर्फ मिळालाच तर तो फडक्यात बांधून मानेच्या दोन्ही बाजूंना, काखांत आणि जांघांत ठेवावा, कारण तिथे मोठ्या रक्तवाहिन्या कातडीच्या जवळ असतात.

शेतावरच्या दोन गोष्टींबाबत इथेच सावध करतो. उन्हात पडलेल्या काळ्या पाइपात साचलेले पाणी अक्षरशः भाजेल इतके तापलेले असते. मोटार चालू केल्यावर ते पहिले पाणी वाहून जाऊ द्यावे, हाताला गार लागले की मगच पाइप रुग्णाकडे वळवावा. दुसरे म्हणजे, तुषार उडवायला सोयीचा म्हणून फवारणीचा पंप कोणीतरी पुढे करील. तो कितीही धुतलेला असला तरी वापरू नये. त्यात कीटकनाशकाचा अंश राहतो आणि ते ओल्या कातडीतून शरीरात जाते.

हे किती वेळ करायचे? रुग्ण नीट बोलू लागेपर्यंत, किंवा त्याला हुडहुडी भरू लागेपर्यंत, किंवा रुग्णवाहिका येईपर्यंत. तो शुद्धीवर आला तरी रुग्णालयात नेलेच पाहिजे, कारण मूत्रपिंडांची आणि यकृताची इजा पुढच्या एक-दोन दिवसांत उघड होते. रुग्णवाहिका मिळणार नसेल आणि जीपनेच न्यायचे असेल, तर वीस-पंचवीस मिनिटे गार करून मग निघावे. वाटेत गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्या, दोन कळशा पाणी बरोबर घ्यावे आणि अंग सतत ओले ठेवावे. ओले पातळ लुगडे किंवा धोतर अंगावर टाकले तर ते वाऱ्याने गार राहते, पण गरम झाले की पुन्हा भिजवावे लागते. कोरडी चादर मात्र घामाचे बाष्पीभवन अडवून उष्णता आत कोंडते.

शुद्ध हरपलेल्या किंवा बरळणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी, ताक, साखर, काहीच घालू नये. तुमच्या भाच्याला ठसका लागला तो याच कारणाने. पाणी श्वासनलिकेत गेले तर मूळ दुखण्यात फुप्फुसांच्या संसर्गाची भर पडते. बेशुद्ध माणसाला पाणी वा ओकारी घशात जाऊ नये म्हणून कुशीवर वळवावे. झटके आले तर हातपाय दाबून धरू नयेत, दातांत चमचा घालू नये, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवून झटका ओसरू द्यावा. श्वास थांबलाच तर छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहावे. तापाची गोळीही देऊ नये. सर्दी-मलेरियाच्या तापात मेंदूच शरीराचे तापमान वर चढवतो आणि गोळी त्याला ते खाली आणायला सांगते. उष्माघातात मेंदूने तसा हुकूमच दिलेला नसतो. त्यामुळे गोळीचा उपयोग शून्य होतो आणि आधीच होरपळलेल्या यकृतावर तिचा भार मात्र पडतो.

कांद्याविषयी तुम्ही थेट विचारलेले नाही, पण त्यावरही लिहिणे भाग आहे. जेवणात कांदा खाणे, शेतात निघताना खिशात कांदा ठेवणे, यात अपाय काही नाही, आणि आजी-आजोबांची ती माया आहे, तिचा मी अनादर करत नाही. पण खिशातला कांदा ऊन शोषून घेत नाही आणि नाकाशी धरलेला कांदा शरीराचे तापमान अंशभरही उतरवत नाही. कांदा आणायला, फोडायला आणि हुंगवायला जी पाच मिनिटे जातात ती पाण्याची पाच मिनिटे असतात, एवढीच माझी तक्रार आहे.

उष्माघाताच्या आधीच्या पायऱ्या ओळखल्या तर वेळ तिथवर येतच नाही. पोटऱ्यांत किंवा पोटात गोळे येणे, डोके ठणकणे, मळमळ, भोवळ, अतिशय थकवा, खूप तहान आणि गडद पिवळी लघवी ही शरीराने दिलेली सूचना असते. अशा वेळी माणूस शुद्धीवर असतो, त्यामुळे त्याला सावलीत बसवून, कपडे सैल करून, अंग पुसून घोटाघोटाने जलसंजीवनी द्यावी. पाकीट असेल तर ते पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवावे. अर्धे पाकीट पेल्यात टाकून देण्याची सवय चुकीची आहे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. मीठ मात्र मोजूनच. ताक, कैरीचे पन्हे, लिंबाचे सरबत यांतही चिमूटभर मीठ असले तर ती उत्तम पेये आहेत. तासाभरात बरे वाटले नाही किंवा ओकाऱ्या थांबल्या नाहीत तर दवाखाना गाठावा. बरे वाटले तरी त्या दिवशी पुन्हा कामाला लावू नये. ‘आता ठीक आहे, एवढ्या दोन ओळी संपवतो’ असे म्हणणाऱ्याला शेतमालकाने ठामपणे घरी पाठवावे. ते तुमचेच काम आहे, ताई, कारण रोजंदारीवरचा माणूस स्वतःहून बसत नाही.

आता तुमच्या भाच्यालाच का लागले आणि त्याच्याशेजारी काम करणाऱ्या इतरांना का नाही, याचे उत्तर त्याच्या ‘तीन दिवसांत’ आहे. कष्टाचे काम करताना स्नायूंमध्ये तासाला सुमारे ३०० किलोकॅलरी उष्णता तयार होते, आणि ती बाहेर पडलीच नाही तर साठ किलोच्या माणसाचे तापमान एका तासात पाच-सहा अंशांनी चढेल. ती बाहेर टाकण्याचे काम प्रामुख्याने घाम करतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ज्या शरीराला उन्हाची सवय आहे ते लवकर घामेजते, जास्त घामेजते आणि घामातून मीठ कमी गमावते. ही सवय जडायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि काही आठवडे उन्हापासून दूर राहिले की ती सुटते. पुण्याच्या नोकरीतून आलेल्या तरुणाच्या अंगात बळ होते, पण ही सवय नव्हती. नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या पाचव्या हिश्श्याइतकेच काम द्यावे आणि रोज तेवढेच वाढवत न्यावे, हा कामगार आरोग्यशास्त्रातला नियम आहे. म्हणजे पूर्ण दिवसाचे काम पाचव्या दिवशी. आपल्याकडे नवतपाची, म्हणजे मे अखेरच्या नऊ अतितप्त दिवसांची, धास्ती सगळे घेतात, पण मार्च-एप्रिलमधल्या पहिल्या तापलेल्या आठवड्याची कोणी घेत नाही, आणि शरीर बेसावध असते ते तेव्हाच.

बातम्यांतल्या आकड्याबद्दलही थोडे सांगतो. हवामान खात्याचे तापमान पांढऱ्या जाळीदार पेटीत, सावलीत मोजलेले असते. अकोल्याचा पारा ४४ अंश म्हणजे सावलीत ४४. उघड्या वावरात, तापलेल्या जमिनीवर वाकून काम करणाऱ्याला त्याहून कितीतरी अधिक उष्णता सोसावी लागते. मैदानी भागात प्रत्यक्ष तापमान ४५ अंशांवर गेले, किंवा ते निदान ४० असून सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वाढले, की खाते उष्णतेची लाट जाहीर करते. पण आकडा त्याखाली आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर भर दुपारी चाललेल्या पुरस्कार सोहळ्यानंतर १४ माणसे दगावली, आणि त्या दिवशी तिथला पारा चाळिशीच्या खालीच होता. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंगाला गारवा देत नाही. तुमचे कोणी नातलग कोकणात किंवा मुंबईत असतील तर त्यांना हे आवर्जून सांगा.

तुमच्या सासऱ्यांचा प्रश्न मला भाच्याच्या प्रश्नाहून नाजूक वाटतो. साठीनंतर तहान कळेनाशी होते, घाम कमी येतो आणि हृदयाला कातडीकडे जास्त रक्त पाठवणे जड जाते. त्यातच रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि क्षार काढून टाकतात, तर काही हृदयाचा वेग वाढू देत नाहीत. मानसिक आजारावरची आणि ॲलर्जीवरची काही औषधेही घाम कमी करतात. म्हणून त्यांच्या साऱ्या गोळ्यांची पाकिटे घेऊन मार्च महिन्यातच डॉक्टरांकडे जावे आणि ‘हे उन्हाळ्यात शेतात जातात’ एवढे वाक्य न विसरता सांगावे. डॉक्टर गरजेप्रमाणे मात्रा बदलतील. पण कोणाच्या सांगण्यावरून घरच्या घरी गोळी बंद करू नये, त्याने पक्षाघाताची भीती वाढते. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल, तर दिवसाला पाणी किती आणि मिठाचे सरबत चालेल की नाही, हेही त्यांनाच विचारावे.

शेतात जाऊ नका, असे सांगून ते थांबणार नाहीत, हे मीही जाणतो. ज्याचे आयुष्य वावरात गेले त्याला घरात बसवणे म्हणजे शिक्षाच वाटते. तेव्हा वेळ बदलावी. पहाटे पाचला जाऊन दहापर्यंत परतावे, मग चारनंतर पुन्हा जावे. डोक्याला ओला शेला, सैल सुती कपडे, बरोबर पाण्याची बाटली आणि एक सोबती. एकट्याने जाऊ नये हे मी पुन्हा सांगतो, कारण उष्माघातात पहिली जाते ती स्वतःची जाणीव. आपल्याला काहीतरी होते आहे हेच त्या माणसाला उमगत नाही. घरीही ते पत्र्याच्या खोलीत दुपार काढत असतील तर माळवदाच्या किंवा कौलाच्या खोलीत खाट हलवा. कूलर लावाल तेव्हा समोरची एक खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होते आणि कूलरचा उपयोग उरत नाही. वीज गेली, हवा चाळिशीच्या वर तापलेली असली, तर कोरड्या अंगावर नुसता गरम वारा घेण्यापेक्षा ओल्या फडक्याने हातपाय आणि मान पुसत राहणे अधिक चांगले.

शेतातल्या इतरांसाठी नियम असा ठेवावा की दर पंधरा-वीस मिनिटांनी प्रत्येकाने पेलाभर पाणी प्यावे, तहान लागो वा न लागो. मात्र तासाला दीड लिटरपेक्षा जास्त नुसते पाणी रिचवू नये, त्याने रक्तातले मीठ पातळ होऊन वेगळाच धोका उभा राहतो. काम बांधापासून लांब चालले असेल तर माठही तिकडेच न्यावा. ज्या कामगार स्त्रिया आडोसा नसल्यामुळे लघवीला जाणे टाळण्यासाठी पाणीच कमी पितात, त्यांच्यासाठी तट्ट्याचा किंवा जुन्या साड्यांचा का होईना, आडोसा करावा. ही गोष्ट कोणी बोलून दाखवत नाही, पण शेतात बायांना ऊन लागण्यामागे ती असते.

राहिला तुमचा भाचा. त्याला मूत्रपिंडाची इजा झाली होती, म्हणून काढणीआधी रक्तातील क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या आणि लघवीची तपासणी करून घ्या आणि रुग्णालयाची जुनी कागदपत्रे डॉक्टरांना दाखवा. एकदा उष्माघात झालेल्या काही जणांची ऊन सोसण्याची ताकद पुढे कित्येक महिने कमी राहते. डॉक्टरांनी परवानगी दिली तर त्याने काढणीच्या किमान दोन आठवडे आधी गावी यावे. पहिल्या दिवशी सकाळी फक्त तासभर काम, मग रोज थोडे वाढवत जावे. ताप, जुलाब किंवा अपुरी झोप झालेली असेल त्या दिवशी मुळीच नाही, आणि आदल्या रात्री मद्य घेतले असेल तरीही नाही. यंदा मे महिन्यात दुपारी अकरा ते चार त्याने वावरात पाऊल टाकू नये. ते त्याच्यासाठी लिहून भिंतीला लावावे लागले तरी लावा. आणि काढणीला येणाऱ्या सर्वांना पहिल्याच सकाळी हौद कुठे आहे, बाज कुठे आहे आणि १०८ ला पत्ता सांगताना आपल्या शेताची खूण काय सांगायची, हे एकदा दाखवून ठेवा.